डाव्या कानातला आवाज

त्रिवेणी माझ्या वरच्या मजल्यावर राहते. दिलसुखनगरच्या मेन रोडमागं आमची गल्ली आहे. खाली कोचिंग क्लास आणि वर माणसं, अशीच इथली सगळी घरं. तिचा नवरा किशोर त्यातल्याच एका क्लासात गणित शिकवतो. मुलगी वरंगलला हॉस्टेलवर असते. दोघांचीही घराणी मूळची नांदेडकडची, पण दोन पिढ्या हैदराबादेत गेल्या.

त्रिवेणीचं काम नीट झालं तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. तेलुगू मालिका आणि कार्टून मराठीत डब होतात, त्यांचे भाग बाहेर जायच्या आधी ती ऐकते. वाक्य ओठांच्या हालचालीशी जुळतंय का, बोलणाऱ्याचा श्वास मध्येच फुसकन आलाय का, मागं कुठं खरखर राहिलीय का, एखादा तेलुगू शब्द तसाच निसटलाय का, हे सगळं पकडायचं आणि फाईल दुरुस्तीला परत पाठवायची. स्टुडिओ फिल्मनगरच्या बाजूला आहे, पण करोनापासून ती घरूनच काम करते. तिथली प्रमुख अपर्णा, पुण्याहून आलेली, वयानं तिच्याहून बरीच लहान. ती एकदा त्रिवेणीकडं आली होती, तेव्हा मला म्हणाली की त्रिवेणीताईंनी पास केलेला भाग मी पुन्हा ऐकत नाही.

मागच्या वर्षी तिचा जुना हेडफोन मोडला. त्याच सुमारास स्टुडिओला मोठं काम मिळालं होतं, म्हणून अपर्णानं सांगितलं की ह्या वेळी चांगल्यातला क्लोज्ड बॅक घ्या, खर्च स्टुडिओचा. क्लोज्ड बॅक म्हणजे ज्याचे कप मागून बंद असतात. बाहेरचा गलका आत येत नाही आणि आतला आवाज बाहेर जात नाही. आमच्या गल्लीत त्याची गरजच होती. कोठीच्या गुजराती गल्लीत अस्लमभाईंचं दुकान आहे. स्टुडिओचं सगळं सामान तिथूनच येतं, त्यामुळं त्यांनी तीन हेडफोन घरी नेऊन वापरून बघायला दिले. दिवसभर डोक्यावर राहणारी वस्तू आहे, दुकानात दोन मिनिटं घालून काय कळणार, असं तेच म्हणाले.

त्रिवेणीनं जेवणाचं टेबल मोकळं केलं आणि तिन्ही डबे मांडले. किशोर क्लासला गेला होता. ऐकायला तिनं एकच प्रसंग घेतला, कार्टूनमधला विहिरीजवळचा, कारण त्यात एक म्हातारा, एक लहान मुलगी आणि मध्ये बरीच शांतता होती.

पहिला हेडफोन जड होता. चामडी कुशन, आणि पट्टा इतका घट्ट की चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतत होत्या. आवाज भरदार, पण म्हाताऱ्याचा आवाज होता त्याहून घोगरा वाटत होता. दुसरा हलका, मखमली कुशनचा. कानाला घाम नाही, डोक्यावर आहे हेही विसरावं असा. पण त्यात खालचे सूर पातळ यायचे आणि रस्त्यावरचे हॉर्न आत शिरायचे. तिसऱ्याचे कप खोल होते. कान पूर्ण आत मावायचा आणि कुशन चष्म्याच्या काडीभोवतीसुद्धा गच्च बसायचं. तो घातला आणि गल्ली बंद झाली. मुलगी बोलायच्या आधी जीभ टाळूवरून सुटल्याचा बारीक आवाजही त्यात वेगळा ऐकू येत होता. त्रिवेणीनं मनातल्या मनात तोच पसंत केला.

मग विहिरीजवळची शांतता आली आणि तिला डाव्या बाजूला काहीतरी ऐकू आलं. हुश्, हुश्, हुश्. कुणीतरी दूर केर काढत असावं तसं, पण ठेक्यात. फाईलमध्ये खोट आहे असं समजून तिनं स्क्रीनवर पाहिलं, तर तिथं आवाजाची रेघ सपाट. दुसरा, मखमली हेडफोन घातला, आवाज नाही. पहिला घातला, नाही. मग रुतणारा चष्मा काढून तोच पुन्हा घातला, तर आला. चष्म्याच्या काडीमुळं कुशनला फट राहते आणि फटीतून बाहेरचा गोंगाट येतो, त्यात तो झाकला जातो, एवढं तिला कळलं. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या, दोन्ही हेडफोनचे डावे कप खराब आहेत, असा तिनं अर्थ लावला. दोन वेगळ्या कंपन्यांचे हेडफोन एकाच बाजूनं एकसारखे कसे बिघडतील, हा प्रश्न तेव्हा मनात आला होता, पण मी तो बाजूला सारला, असं ती सांगते.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षा करून कोठीला गेली. अस्लमभाईंनी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन दोन्ही हेडफोन शांतपणे ऐकले. बाहेर येऊन म्हणाले, "मॅडम, पीस में कुछ भी नै है. आप बोले तो नया पीस देतूं." त्यांनी तिसऱ्याचा कोरा, सील न फोडलेला नग दिला.

घरी आल्यावर तिनं तो घातला. आवाज होताच.

आता मात्र तिनं तो बाजूला सारलेला प्रश्न हाती घेतला. हेडफोन काढून उलटा घातला, उजवा कप डाव्या कानावर. आवाज डावीकडंच राहिला. मग तिनं वायर लॅपटॉपमधून काढून टाकली. हेडफोन आता नुसता टोपीसारखा डोक्यावर होता, त्यात वीज नव्हती, फाईल नव्हती. हुश्, हुश्, हुश्. तिनं दोन बोटं मानेवर ठेवली. बोटांखाली नाडी उडत होती आणि कानात आवाज तिच्याच तालावर येत होता. भीतीनं नाडी वाढली तसा आवाजही घाईनं येऊ लागला.

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर चालू केला. भांडं रिकामंच होतं.

एवढी का घाबरलीस, असं कुणीही म्हणेल. पण तिचे वडील एकनाथराव कसे गेले ते ठाऊक असलं तर म्हणणार नाही. अफझलगंजातल्या एका आडतीवर ते कामाला होते. जायच्या आधी आठवडाभर ते घरात म्हणत होते, डोक्यात सूं सूं वाजतंय, कुठं नळ चालू राहिलाय का बघा. घरच्यांनी नळ बघितले, एकदा प्लंबरही बोलावला. मग एका सकाळी अफझलगंजच्या बसस्टॉपवर ते खाली बसले ते उठलेच नाहीत. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्रिवेणी तेव्हा कॉलेजात होती आणि नळ बघायला तीही फिरली होती.

तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. किशोरला सांगितलं तर तो लगेच डॉक्टरकडं नेईल, आणि डॉक्टर वडिलांच्या वेळचंच वाक्य बोलतील, म्हणून नाही. अपर्णाला सांगितलं तर काम जाईल, म्हणून नाही. मुलीची परीक्षा होती. मीही रोज जिन्यात भेटत होते, मलाही नाही. मला एवढंच जाणवलं की वरच्या घरात दिवसभर टीव्ही मोठ्यानं चालू असतो. पूर्वी तिथून कधी आवाज यायचा नाही. एकदा पाण्याची बादली जिन्यात ठेवून ती वर बघत उभी होती, मी विचारलं तर म्हणाली, पाठ दुखतेय. खरं म्हणजे वजन उचललं तर शीर फुटेल ह्या भीतीनं ती बादली उचलत नव्हती. वाकायची नाही, भरभर चालायची नाही, राग येईल असं बोलणं निघालं की विषय बदलायची. शांत जागा तर तिनं पूर्ण टाळली. पूर्वी आवाज फक्त हेडफोनमध्ये होता; आता उशीला डावा कान लागला तरी येऊ लागला, म्हणून ती उजव्या कुशीवरच निजू लागली.

पण तिचं कामच कान झाकून ऐकायचं. मखमली हेडफोन लावून ती कसंबसं रेटत होती. त्यात आपल्यालाच ऐकू येणारं काय आणि फाईलमध्ये आहे ते काय, ह्याचा तिला भरवसा उरला नाही. एका मालिकेच्या भागावर तिनं शेरा लिहिला की डावीकडं सतत घुमारा आहे, भाग परत घ्या. स्टुडिओत दोघातिघांनी ऐकलं. अपर्णाचा फोन आला. ती रागावली नव्हती, उलट तिचा आवाज जपून बोलल्यासारखा होता, आणि त्रिवेणीला त्याचीच जास्त धास्ती वाटली. अपर्णा म्हणाली, "ताई, आम्हाला काहीच सापडलं नाही. तुम्ही बऱ्या आहात ना?" त्रिवेणीनं सांगितलं की हेडफोन खराब आहे.

त्या दुपारी किशोर लवकर घरी आला. टीव्ही चालू, मिक्सर चालू, आणि बायको दोन्हीच्या मध्ये खुर्चीवर बसलेली. त्यानं एकेक करून सगळं बंद केलं. बंद करू नका, असं ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. सगळं सांगून झाल्यावर किशोरनं तो तिसरा हेडफोन स्वतः घालून पाहिला. त्याला काही ऐकू आलं नाही. मग त्यानं आपला कान तिच्या डाव्या कानाला लावला आणि श्वास धरून बराच वेळ तसाच बसला.

"येतंय का हो?" तिनं विचारलं.

"नाही गं. काहीच नाही."

ती मला म्हणाली, त्या क्षणी मला सगळ्यात जास्त भीती वाटली. तोवर शीर फुटण्याची भीती होती. आता वाटलं, आवाजच नसेल आणि माझं डोकंच बिघडत असेल तर?

किशोरनं नामपल्लीच्या बाजूला बसणाऱ्या कानाच्या डॉक्टर माधवींची वेळ घेतली. सकाळी निघायच्या आधी त्रिवेणीनं कपाटाच्या किल्ल्या, गॅसचं पुस्तक आणि मुलीच्या फीची पावती टेबलावर काढून ठेवली. किशोरनं पाहिलं आणि ते सगळं पुन्हा कपाटात ठेवलं.

डॉक्टर माधवींनी आधी सगळं ऐकून घेतलं, हेडफोनची हकीकतसुद्धा. मग कानात यंत्र घालून आत बघितलं. यंत्राला जोडलेला पडदा समोरच होता. कानाचा पडदा पांढरट, पातळ दिसत होता आणि त्याच्यामागं खालच्या बाजूला एक लाल मणी. मणी धडधडत होता. किशोरनं ते पाहिलं आणि बायकोचा हात धरला. त्रिवेणीनं डोळे मिटून घेतले होते, तिला दिसलं नाही. पण हात कसा धरला त्यावरून कळलं.

डॉक्टरांनी सांगितलं की आवाज खरा आहे. रक्तवाहिन्यांची एक छोटी गाठ आहे, बहुतेक वेळा साधी असते, सावकाश वाढते. कान झाकला की बाहेरचे आवाज बंद होतात आणि शरीराचे मोठे होतात. म्हणून हेडफोन जितका चांगला बसला तितकं ते ठळक ऐकू आलं. तुमच्या वडिलांच्या दुखण्याशी ह्याचा संबंध मला दिसत नाही, तरी डोक्यातल्या शिराही तपासून घेऊ.  गाठीचं मूळ कुठं आहे ते स्कॅनमध्ये बघावं लागेल, म्हणाल्या. कानातच असेल तर कानाच्या वाटेनं काढता येते. खालच्या मोठ्या शिरेपासून वर आलेली असेल तर ऑपरेशन मोठं, आणि गिळण्याच्या, बोलण्याच्या नसा तिथूनच जातात.

डोकं बिघडलेलं नाही हे ऐकून क्षणभर तिला बरं वाटलं होतं. गिळण्याच्या नसांचं ऐकलं आणि नवी भीती सुरू झाली.

स्कॅनच्या खोलीतल्या माणसानं तिला कानांवर लावायला एक प्लॅस्टिकचा हेडफोन दिला, मशीनचा आवाज फार असतो म्हणून. तिनं नको म्हटलं. तो लावावाच लागतो, म्हणाला. मशीन सुरू व्हायच्या आधी त्या नळकांड्यात पडल्या पडल्या तिला पुन्हा तेच ऐकू आलं, हुश्, हुश्, आणि हलायचीही परवानगी नव्हती. मग मशीन ठणठणू लागलं. लोक त्या आवाजाला भितात. तो थांबू नये असं तिला वाटत होतं.

रिपोर्ट यायला वेळ लागला. त्या दिवसांत ती घोटघोट पाणी पिऊन बघायची, गिळता येतंय ना. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची, आवाज फुटतोय ना. किशोरनं मला जिन्यात गाठून दुखण्याचं सांगितलं ते तेव्हाच, आणि तो क्लासला गेला की मी वर जाऊन बसू लागले. आम्ही भाजी निवडायचो. ती एकदा मला म्हणाली, वहिनी, माझ्या बोलण्यात काही फरक वाटतो का? मी नाही म्हटलं. थोड्या वेळानं तिनं पुन्हा तेच विचारलं.

गाठीचं मूळ कानातच निघालं. डोक्यातल्या शिरा ठीक होत्या. किशोर क्लासातल्या मुलांना पेढे वाटायला निघाला होता, तिनं अडवलं. कारण डॉक्टरांनी पुढंही सांगितलं होतं. गाठ ऐकण्याच्या नाजूक हाडांना टेकली होती. काढताना डाव्या कानाचं ऐकणं कमी होऊ शकतं, जाऊही शकतं. नाहीतर थांबायचं, दर काही महिन्यांनी स्कॅन करून वाढते का बघायचं. ह्या वयात तसं करणारेही असतात. वाचेल का कान, असं त्रिवेणीनं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, प्रयत्न करीन, शब्द देत नाही.

किशोरचं मत थांबायचं होतं. दोघांत बरेच दिवस तेच बोलणं चाललं. शेवटी ती म्हणाली, "थांबले तर मी रोज ऐकत बसेन, वाढली का, वाढली का. तसं मला जगता यायचं नाही." त्यानंतर त्यानं विषय काढला नाही. अपर्णाला तिनं स्वतः फोन करून खरं सांगितलं.  अपर्णा म्हणाली की भाषेचं आणि ओठांचं काम तुमचंच राहील. शेवटचं मिश्रण, म्हणजे सगळे आवाज एकत्र केलेली फाईल, तपासायचं काम मात्र मला दुसऱ्याकडं द्यावं लागेल. हो म्हणून त्रिवेणीनं फोन ठेवला. तिला ज्या कामाची सगळ्यात जास्त ऐट होती ते तेच.

ऑपरेशनच्या दिवशी मी किशोरबरोबर बाहेर बसले होते. दिवसभर वर्गात बोलणारा माणूस पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होता आणि काढत होता. सांगितलेली वेळ टळून गेली. आतून नर्स घाईघाईनं बाहेर आली, रक्ताची पिशवी घेऊन परत आत गेली, आणि आमच्याकडं तिनं पाहिलंही नाही. किशोर उठून उभा राहिला, पण कुठं जायचं ते त्याला सुचेना. बऱ्याच वेळानं डॉक्टर माधवी आल्या. रक्त अपेक्षेपेक्षा जास्त गेलं, पण गाठ पूर्ण निघाली, हाडं जागेवर आहेत, असं त्या म्हणाल्या. ऐकण्याचं आत्ता सांगता येणार नाही.

घरी आल्यावर कानात बोळा होता आणि त्यावर पट्टी. दोन दिवसांनी सकाळी चहा घेताना त्रिवेणीचा हात थांबला. पट्टीच्या आतून पुन्हा आवाज येत होता, तोच, त्याच ठेक्यात. ह्या वेळी तिनं लपवलं नाही. कप ठेवला आणि किशोरला सांगितलं. त्यानं लगेच डॉक्टरांना फोन लावला. बोळ्यानं कान बंद आहे, आत सूज आहे, असं होतं, बोळा निघेपर्यंत काही ठरवू नका, असं त्या म्हणाल्या. ठरवू नका म्हणणं सोपं होतं. ते काही आठवडे वरच्या घरात कुणी धड जेवलं नाही. मुलगी वरंगलहून येऊन राहिली आणि आईच्या नजरेला नजर देईना.

बोळा निघाला त्या दिवशी ऐकण्याची तपासणी होती. काचेच्या बंद खोलीत तंत्रज्ञानं तिच्या कानांवर हेडफोन चढवले. त्रिवेणीनं खुर्चीचे हात घट्ट धरले. डावीकडं काही नव्हतं. ती वाट बघत राहिली, तरी काही नव्हतं. मग बारीक टिक् टिक् सुरू झाली आणि ऐकू आलं की बटण दाबायचं होतं. खूप बारीक सुरांना तिचा हात उशिरा हलला, काहींना हललाच नाही. आवाज गेला होता, आणि त्याच्याबरोबर डाव्या कानाचे वरचे थोडे सूरही गेले होते. डॉक्टरांच्या मते ते फारच थोडे. रोजच्या बोलण्यात तिला कधी कळणारही नाही. त्रिवेणीला कळतं.

थोड्या महिन्यांनी घरी पडून असलेले ते हेडफोन घेऊन ती कोठीला गेली. अस्लमभाईंनी विचारपूस केली, चहा मागवला आणि त्यातला तिसरा, खोल कपांचा हेडफोन पुढं केला. "सबसे अच्छा तो येइच है, मॅडम." तिनं घातला. दुकान, गल्ली, गाड्या, सगळं बंद झालं. आत कसलाही आवाज नव्हता, पण तो कुठल्याही क्षणी सुरू होईल म्हणून तिचं सगळं अंग ताठ झालं होतं. तिनं तो काढून काउंटरवर ठेवला आणि मखमली कुशनचा घेतला. अस्लमभाईंनी तिसरा डब्यात भरून ठेवला.

आता दरवर्षी स्कॅन असतो, कारण अशी गाठ क्वचित परत येते. पहिला ह्या जानेवारीत झाला. नामपल्लीला नुमाईश हे दरवर्षीचं मोठं प्रदर्शन भरलेलं, रस्ते तुंबलेले, आणि ती रिक्षात किशोरचा हात धरून बसलेली. रिपोर्ट स्वच्छ आला. संध्याकाळी ती खाली माझ्याकडं आली आणि हे सगळं तिनं पहिल्यापासून सांगितलं. निम्मं तर मला त्या संध्याकाळीच कळलं. आता भीती गेली का, असं मी विचारलं.

"नाही गेली, वहिनी," ती म्हणाली. "आता ह्यांना सांगते, एवढंच."

मग तिचा फोन वाजला. अपर्णा होती, नव्या मालिकेचा पहिला भाग पाठवलाय, उद्या दुपारपर्यंत हवा, म्हणत होती. त्रिवेणीनं चहा संपवला आणि ती वर गेली.